रुग्णवाहिका चालवणाऱ्याची पात्रता कोण तपासतो?

प्रश्न : आईला एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात हलवताना आम्ही खासगी रुग्णवाहिका बोलावली. गाडीत चालकाखेरीज कोणीही नव्हते आणि ऑक्सिजन किती सोडायचा, हे त्यालाही ठाऊक नव्हते. या कामासाठी कायद्याने काही पात्रता ठरवली आहे का?
– एक वाचक

उत्तर : आपल्या कायद्याने गाडीचा विचार बारकाईने केला आहे, माणसाचा मात्र अर्धवट. रुग्णवाहिकेची रचना व उपकरणे ठरवणाऱ्या एआयएस-१२५ या वाहन-उद्योग मानकात दुचाकीपासून अतिदक्षता उपकरणांच्या गाडीपर्यंत रुग्णवाहिकेचे ए, बी, सी आणि डी असे चार प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी बी प्रकारची गाडी केवळ स्थिर रुग्णाची ने-आण करण्यासाठी असते. चालकाच्या बाबतीत असा तपशील नाही. साडेसात हजार किलोपर्यंतच्या वाहतूक वाहनाला हलक्या वाहनाचा परवाना पुरतो, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये स्पष्ट केले आणि बहुतेक रुग्णवाहिका याच वजनात बसतात. घातक रसायनांचा टँकर चालवणाऱ्याला केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम ९ प्रमाणे वेगळे प्रशिक्षण घेऊन परवान्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. अत्यवस्थ माणूस घेऊन भरधाव जाणाऱ्या चालकावर मात्र तशी सक्ती नसावी, ही मला गंभीर उणीव वाटते.

रुग्णासोबतच्या कर्मचाऱ्याविषयी परिस्थिती थोडी बरी आहे. २०२१ च्या संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ हा व्यवसाय मान्य केला असून, अशा संलग्न व्यावसायिकासाठी किमान २००० तासांचे शिक्षण आणि राज्य परिषदेकडे नोंदणी अपेक्षित आहे. महाराष्ट्रात २०१४ पासून चालू असलेल्या १०८ सेवेच्या गाड्यांवर तर डॉक्टर नेमलेले असतात. खासगी गाडीत मात्र सोबत कोण येणार, हे आजही बहुधा मालकच ठरवतो.

म्हणून गाडी ठरवतानाच तिचा प्रकार, सोबत येणाऱ्याचे शिक्षण आणि त्याची नोंदणी विचारावी. रुग्णाला ऑक्सिजन चालू असेल, तर पाठवणाऱ्या रुग्णालयाकडेच परिचारिका किंवा डॉक्टर सोबत देण्याची लेखी मागणी करावी. घाईत ही गोष्ट राहून जाते आणि नेमकी तीच महत्त्वाची असते. आपण भाडे दिले असल्याने सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येईल. त्यासाठी पावती, गाडीचा क्रमांक आणि रुग्णालयाचे संदर्भपत्र जपून ठेवावे.