सेवा देणाऱ्या आणि नवं काही घडवणाऱ्या संस्थांमध्ये माणसं इतकी वेगळी का वागतात?

तुम्ही विचारलंय, की ग्राहकसेवेत चोख काम करणारा माणूस नव्या उत्पादनाच्या टीममध्ये गेला की गप्प का होतो, आणि तिथला हुशार माणूस ग्राहकसेवेत आला की चिडचिडा का होतो. हा स्वभावाचा दोष की संस्थेचा? मी दोन्हीकडे काम केलंय. माझ्या मते यात स्वभावाचा वाटा थोडा आणि संस्थेचा बराच असतो.

सेवेत काम घडतं तेच ग्राहकाच्या समोर. बिघडलेली वस्तू बदलून देता येते, तुसडेपणाने दिलेलं उत्तर मागे घेता येत नाही. म्हणून संस्था कामाबरोबर चेहरा आणि आवाजही ठरवून देते. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी विमानातल्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून 1983 मध्ये याला 'भावनिक श्रम' म्हटलं. ओठांवरचं हसू वेगळं आणि मनातच तशी भावना जागवणं वेगळं, असा फरकही त्यांनी केला. पुढच्या अभ्यासांतून दिसत आलंय, की माणूस जास्त थकतो तो ओठांवरच्या हसण्याने. फोनवर शिव्या ऐकल्यावर पाच मिनिटं उठायचीही मुभा नसेल, तर माणूस हळूहळू नियमाआड लपायला लागतो. ‘सिस्टिममध्ये तसं होत नाही’ हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. हातात कसलाच अधिकार नसलेल्या माणसाकडे स्वतःला वाचवायला तेवढंच असतं. त्यात कॉल किती लवकर संपवला यावर गुण मिळत असतील, तर तक्रार सुटो न सुटो, फोन ठेवला जाणारच.

नवं घडवणाऱ्या संस्थेत शेवटी काय हाती लागेल हे सुरुवातीला कुणालाच माहीत नसतं. बर्न्स आणि स्टॉकर या संशोधकांनी 1961 मध्ये ब्रिटनमधल्या कंपन्यांबद्दल हेच मांडलं: परिस्थिती स्थिर असेल तर वरून खाली आदेश चालतात, पण ती सतत बदलत असेल तर माणसांना पद विसरून थेट एकमेकांशी बोलावं लागतं. सेवेतून आलेल्या माणसाला वर्षानुवर्षं 'ठरलंय तेच बोल' शिकवलेलं असतं. तो इथे गप्प बसला तर त्यात नवल काय?

बरं, सगळ्यांना एका खोलीत बसवून 'आयडिया द्या' म्हटल्यानेही भागत नाही. तेवढीच माणसं एकेकटी बसली तर त्यांच्या कल्पना एकत्र बसलेल्या गटापेक्षा जास्त निघतात, हे 1958 पासून प्रयोगांत दिसतंय. डील आणि श्ट्रोब या मानसशास्त्रज्ञांनी 1987 मध्ये त्याचं मोठं कारण दाखवलं: एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि त्यात त्यांचा विचार अडतो. म्हणून आधी प्रत्येकाने लिहून काढावं आणि मग चर्चा करावी, हे मला पटतं.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो संशोधक एमी एडमंडसन यांचा रुग्णालयातला अभ्यास, 1996 मध्ये प्रसिद्ध झालेला. चांगल्या टीमकडून औषध देण्यात कमी चुका होत असतील, अशी त्यांची अपेक्षा. आकडे उलटे निघाले: चांगल्या टीमच्याच नोंदीत चुका जास्त! बारकाईने पाहिल्यावर लक्षात आलं, की त्या टीममधली माणसं चुका उघड सांगत होती आणि इतर ठिकाणी त्या दाबल्या जात होत्या. रुग्णालय म्हणजे सेवाच, तरी हा निष्कर्ष प्रयोगशाळेलाही तंतोतंत लागू पडतो. 1986 मध्ये अमेरिकेचं चॅलेंजर अंतराळयान उडण्याच्या आदल्या रात्री रॉकेट बनवणाऱ्या कंपनीच्या अभियंत्यांनी कडाक्याच्या थंडीत रबरी सील दगा देतील म्हणून विरोध केला होता. त्यांच्याच व्यवस्थापनाने तो बाजूला सारला आणि यानातल्या 7 जणांचा जीव गेला. ज्ञान होतं, माणसं बोललीही होती, पण त्यांचा 'नाही' मोजला गेला नाही.

तुम्ही नोकरीच्या शोधात असाल तर मुलाखतीत एक प्रश्न जरूर विचारा: इथे कनिष्ठ माणसाच्या हरकतीमुळे एखादं काम शेवटचं कधी थांबलं, आणि तो माणूस आज कुठे आहे? उत्तर द्यायला समोरच्याला आठवावं लागलं तर ठीक आहे. प्रश्नच आवडला नाही, तर मी तिथे जाणार नाही.