जपानची सॉफ्टबॉल गोलंदाज युकिको उएनो हिने दोन दिवसांत ४१३ चेंडू टाकले होते, हे खरं आहे का?

हो, बीजिंग ऑलिंपिक, २००८. २० ऑगस्टला अमेरिकेविरुद्ध ९ डाव खेळून जपान हरला, त्याच दिवशी ऑस्ट्रेलियाविरुद्ध १२ डाव खेळून जिंकला (नेहमीचा सामना ७ डावांचा!). दोन्हीत मिळून ३१८ चेंडू एकट्या उएनोचे. दुसऱ्या दिवशी अंतिम सामन्यात आणखी ९५, अमेरिका ३-१ने गारद, सुवर्ण जपानला. सॉफ्टबॉलमध्ये चेंडू खालून फेकतात, म्हणून हाताला त्रास नाही, हा गैरसमज. हात पूर्ण गोल फिरतो, ताण दंडाच्या पुढच्या स्नायूवर येतो.

पुढच्या दोन ऑलिंपिकमधून सॉफ्टबॉलच वगळला गेला. २०२१ला टोकियोत ती ३९ वर्षांची. अंतिम सामन्यात मध्येच बाहेर बसली, मग शेवटच्या डावात परत आली. सुरुवातीच्या खेळाडूला एकदा परतता येतं, बेसबॉलसारखं नाही. जपान २-०ने जिंकला, समोर पुन्हा अमेरिकाच.