मंद्रातले कोमल स्वर: बासरी नुकतीच हाती घेतलेल्यांसाठी

थेट भैरवी रागाच्या मंद्रात (खालच्या सप्तकात) उतरू नका. आधी सहाही छिद्रं बंद करून मंद्र पंचम (प) स्थिर लागतोय का ते पाहा. तो फाटत असेल, तर बहुतेक वेळा दोष फुंकेचा नसतो. उजव्या हाताच्या अनामिकेखालून हवा निसटत असते. मोठ्या बासरीवर बोटाचं टोक टेकवू नका, पेराचा मांसल भाग सपाट ठेवा.

दुसरी सर्रास चूक म्हणजे स्वर येत नाही म्हणून जोरात फुंकणं. त्यानं स्वर वरच्या सप्तकात उडी मारतो. ओठांची फट किंचित रुंद करा, फुंक संथ आणि ऊबदार ठेवा.

आता कोमल, म्हणजे शुद्धाहून थोडे उतरलेले, स्वर. काफी थाटापासून (थाट म्हणजे रागांचा मूळ स्वरसंच) सुरुवात करा, कारण तिथे मंद्रात एकच अर्धं छिद्र लागतं:

- कोमल निषाद (नि): वरची, म्हणजे तोंडाकडची, चार बंद, पाचवं अर्धं.
- शुद्ध धैवत (ध): वरची पाच बंद.
- पंचम: सहाही बंद.

हे जमलं की आसावरी थाटाकडे वळा (पाश्चात्त्य नॅचरल मायनरचे स्वर हेच). तिथला कोमल धैवत सहाव्या छिद्राच्या अर्ध्यावर आहे आणि सगळ्यात हट्टी तोच! बोट उचलू नका, बाजूला कलतं करा. तानपुरा लावून सा-नि-ध-प, प्रत्येक स्वर पूर्ण श्वासभर.

मालकंस राग सध्या राहू द्या. त्याचा मंद्र मध्यम (म) सहा छिद्रांच्या बासरीवर मिळतच नाही.