तळं गळतंय? आधी भेग शोधा, मग सिमेंट कालवा

उन्हाळ्यात बागेतल्या सिमेंटच्या उघड्या तळ्याचं पाणी नुसत्या उन्हानंही उतरतं, म्हणून आधी खात्री करा. तळ्याच्याच पाण्याने भरलेली बादली तळ्यात विटांवर ठेवा, काठ पाण्यावर राहू द्या. पंप बंद करा, दोन्हीकडे पातळीची खूण करा. दुसऱ्या दिवशी तळं बादलीपेक्षा जास्त उतरलं, तरच गळती. पंप चालू असतानाच पाणी जात असेल तर पाइप तपासा.

मासे तळ्याच्याच पाण्यात, सावलीत हलवा आणि पाणी उतरू द्या. जिथे थांबेल, त्या पातळीला भेग शोधा. भिंतीतून पाइप जातो तो सांधा आधी बघा, बहुतेकदा तिथेच सापडते.

वरवर सिमेंट फासू नका, ते सुटून येतं. छिन्नीने भेग रुंद करा, तारेच्या ब्रशने शेवाळ काढा, जागा भिजवा आणि वॉटरप्रूफिंग घातलेला १:३ मसाला (एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू) दाबून भरा. ७ दिवस ओलं ठेवा.

आणि कृपा करून मासे लगेच सोडू नका! नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरून पीएच (पाणी किती आम्लधर्मी वा क्षारधर्मी, त्याचं माप) चढतो, मासे दगावतात. दोन-तीनदा तळं भरून, काही दिवस ठेवून रिकामं करा. पीएच ८.५ च्या खाली टिकला की मगच सोडा.