मोबाईल कम्प्युटिंगमध्ये संशोधनाला आता काय उरलंय?

तुम्ही विचारलंय की एम.टेक.ला मोबाईल कम्प्युटिंग घेतलंय पण 5जी आलं, फोन भारी झाले, मग सिस्टिम डिझाईनमध्ये संशोधन करायला उरलंय तरी काय. लई उरलंय. मी आष्टी तालुक्यातला (बीड), दूध संकलन केंद्रासाठी ॲप बनवलंय, त्यातनं जे कळलं ते सांगतो.

1996 साली संगणकशास्त्रज्ञ एम. सत्यनारायणन यांनी मोबाईल सिस्टिमच्या चार मूळ अडचणी मांडल्या होत्या: जागेवरच्या मशीनपेक्षा ताकद कमी, हरवायची-फुटायची भीती, नेटवर्कचा भरवसा नाही, आणि बॅटरी संपणार. ताकद सोडली तर बाकीच्या तिन्ही आमच्या डोंगराकडच्या गावात आजबी तशाच आहेत. लाईट गेली की थोड्या वेळाने टॉवरबी जातो.

बॅटरीवर बरंच काम झालंय. डेटा पाठवून झाला तरी फोनचा रेडिओ (टॉवरशी बोलणारा भाग) लगेच झोपत नाही, काही सेकंद जागाच राहतो, म्हणून थोडं थोडं सारखं पाठवण्यापेक्षा एकदम गठ्ठा पाठवलेला परवडतो, अँड्रॉइडने 2015 ला डोझ (फोन नुसता पडून असला की ॲपची कामं अडवून मधनंमधनं एकदम करू देणारी सोय) आणलं त्यातबी हाच विचार आहे.

माझ्या मते खरा विषय आहे रेंज नसताना चाललेलं काम नंतर जुळवायचं कसं. आमच्याकडं झालं असं की सकाळी एका आजोबांची एन्ट्री सर्व्हरवर गेली, 6.2 लिटरच्या जागी 2.6 पडलं होतं, मग रेंज गेली. माप घेणाऱ्या पोराने त्याच्या फोनवर त्याच एन्ट्रीचं फॅट दुरुस्त केलं, तासाभराने केंद्राच्या सचिवांनी त्यांच्या फोनवर लिटर दुरुस्त केले, संध्याकाळी दोन्ही फोन सिंक झाले. पण पोराचा फोन आदल्या दिवशी पूर्ण डाउन झालेला आणि घड्याळ हाताने लावलेलं, चार तास पुढं. मी "शेवटची एन्ट्री खरी" असा नियम ठेवलेला, म्हणून त्याची अख्खी जुनी एन्ट्री 2.6 लिटरसकट सचिवांच्या दुरुस्तीवर बसली. आजोबांनी पावती जपून ठेवली होती म्हणून पगारात 3.6 लिटर परत धरता आले. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण घड्याळावर विसंबू नका हे लॅम्पोर्ट या संगणकशास्त्रज्ञाने 1978 लाच दाखवलंय आणि मी ते शिकलेलो होतो.

जुळवणीवर काम जुनं आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात 1987 पासून कोडा फाइल सिस्टिम झाली, नेटवर्क तुटण्याआधी लागणाऱ्या फाइली जमवून ठेवायच्या, तुटल्यावर लोकल काम करायचं, जोडल्यावर मिसळायचं. 2011 ला मार्क शापिरो आणि सहकाऱ्यांनी सीआरडीटी (आपोआप जुळेल अशी डेटाची रचना) मांडलं, बदल कुठल्याबी क्रमाने आले तरी सगळ्या कॉप्या शेवटी सारख्याच होतात. पण बघा, सारख्या होतात म्हणजे बरोबर होतात असं नाही, दोन फोनवरनं एकाच शिल्लकीतनं उचल दिली तर बेरीज जुळेल आणि शिल्लक मायनसमध्ये जाईल. शिवाय झालेल्या बदलांचा हिशोब ठेवायला लागणारी जादा माहिती स्वस्त फोनमध्ये वाढतच जाते. विषय घ्यायचा तर इथला घ्या.

मी आता एन्ट्रीऐवजी एकेक रकाना वेगळा जुळवतो, आणि एकाच रकान्यात दोन आकडे आले तर दोन्ही सचिवांना शेजारी-शेजारी दाखवतो. पण दोन दिवस रेंज नसली आणि अशा पन्नास-साठ जोड्या एकदम समोर आल्या की ते न वाचता ओके दाबत जातात. त्यातल्या कुठल्या चार खरंच माणसाने बघायला पाहिजेत हे फोनने कसं ठरवावं, यावर मला अजून उपाय सापडला नाही.