मुलाच्या बाँडवर जामीनदार म्हणून माझी सही आहे. घर जाईल का?

प्रश्न : माझा मुलगा एका खासगी विमान कंपनीत सहवैमानिक आहे. प्रशिक्षणाच्या वेळी 25 लाखांचा, पाच वर्षांचा बाँड (मुदतीआधी नोकरी सोडल्यास रक्कम भरण्याचा करार) झाला. जामीनदार मी आहे आणि माझे सहीचे कोरे चेक कंपनीकडे आहेत. तीन वर्षे झाली. आता कंपनीने पगारातले हमीचे उड्डाणतास (उड्डाणे कमी झाली तरी ज्यांचे पैसे मिळतात ते तास) 70 वरून 40 वर आणलेत. त्याला दुसऱ्या कंपनीत नोकरी मिळते आहे, पण ही कंपनी बाँडची पूर्ण रक्कम मागते. अक्कलकोट रोडला माझे चार यंत्रमाग आहेत, जुळे सोलापुरात घर आहे. जप्ती येईल का?

सल्ला : आज तरी नाही. कंपनीला आधी दिवाणी दावा लावून हुकूमनामा (कोर्टाचा निकालाचा आदेश) मिळवावा लागेल. मात्र तो मिळाला, तर घरापर्यंत हात पोहोचतो. ‘आधी मुलाकडून घ्या’ असेही सहसा म्हणता येत नाही, कारण करार कायद्याच्या कलम 128 नुसार जामीनदाराची जबाबदारी मूळ देणेकऱ्याइतकीच असते. पण घाबरून घर पत्नीच्या नावे बक्षीसपत्राने करू नका. देणे चुकवण्यासाठी केलेले हस्तांतरण कोर्ट रद्द करू शकते आणि तुमच्या प्रामाणिकपणावर शंका येते ती वेगळीच.

बाँड बेकायदा असतो, असे तुम्हाला कुणी सांगेल. त्यावर विसंबू नका. सर्वोच्च न्यायालयाने 2025 मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात दोन लाखांचा नोकरी-बाँड वैध ठरवला. तुमचा खरा आधार करार कायद्याचे कलम 74 आहे. बाँडमधला आकडा ही कमाल मर्यादा असते. त्याच्या आत कोर्ट वाजवी भरपाईच देते. प्रशिक्षणावर प्रत्यक्ष किती खर्च झाला, त्याचा हिशेब कंपनीकडे लेखी मागा. मुलाने तीन वर्षे सेवा दिली आहे, हा मुद्दा ठामपणे मांडा.

पगारकपात हा तुमच्या बाजूचा सर्वांत मोठा मुद्दा आहे. तुमच्या संमतीशिवाय मूळ करारातल्या अटी बदलल्या, तर त्याच कायद्याच्या कलम 133 नुसार त्यानंतरच्या व्यवहारांतून जामीनदार मोकळा होतो. मात्र हमीचे तास बाँडचाच भाग होते का, ते पाहावे लागेल. ‘कंपनी वेळोवेळी अटी बदलेल’ किंवा ‘जामीनदार हा हक्क सोडत आहे’ असे वाक्य बारीक अक्षरांत असू शकते. बाँड आणि नियुक्तीपत्र दोन्ही शेजारी ठेवून वाचायला हवेत.

मुलाने तडकाफडकी नोकरी सोडू नये. विमान वाहतुकीचे नियमन करणाऱ्या डीजीसीएच्या 2017 च्या नियमानुसार सहवैमानिकाला सहा महिन्यांची नोटीस द्यावी लागते (कमांडर म्हणजे मुख्य वैमानिकाला एक वर्ष). नोटीसकाळात पगार कापला किंवा नियमित उड्डाणे दिली नाहीत, तर लवकर मुक्त करण्याची मागणी त्याला करता येते. त्यामुळे कपातीला त्याने आजच ईमेलने हरकत घ्यावी आणि पगारपत्रके व रोस्टर (ड्युटीचे वेळापत्रक) जपून ठेवावेत.

चेकचे काम मात्र सर्वांत तातडीचे आहे. वादग्रस्त देण्यासाठी चेक भरू नयेत, असे कंपनीला स्पीड पोस्टाने कळवा. एखादा चेक न वटून नोटीस आलीच, तर पैसे भरण्याची मुदत फक्त 15 दिवसांची असते आणि खटला कंपनीच्या बँक शाखेच्या गावी चालू शकतो. ती नोटीस हातात पडली की त्याच दिवशी वकिलाकडे जा.