एफडीचं नंतर बघू, आधी विम्याचा हप्ता भरा

चिपळूणच्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. वय ५३. स्तनात दीड सेंटिमीटरची गाठ, कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यातला, पुढच्या महिन्यात पुण्यात शस्त्रक्रिया, तिचा अंदाज सव्वातीन लाख. रेडिएशनसाठी रुग्णालयाने दोन पर्याय दिलेत. गाठ काढली की तिथेच, भूल उतरायच्या आत, एकदाच शेक द्यायचा, त्याचे पावणेतीन लाख. नाहीतर नंतर तीन आठवडे रोज शेक घ्यायला जायचं, त्याचे एक लाख चाळीस हजार. मिस्टर लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यात आहेत, मार्चअखेर निवृत्त होतील. कंपनीचा पाच लाखांचा विमा आहे. ताई विचारतात, पहिल्या पर्यायासाठी अठरा लाखांच्या एफडीतून तीन लाख मोडावेत का?

पत्राच्या शेवटी, जाता जाता, एक ओळ आहे: "बँकेतले साहेब म्हणाले, कंपनीचा विमा असताना घरचा वेगळा कशाला? म्हणून अकरा वर्षांची दहा लाखांची फॅमिली पॉलिसी या वेळी भरणार नाही. तो ४२ हजारांचा हप्ता आणि एफडीचे थोडे पैसे मिळून वर्षाला दोन लाख त्यांच्या हमी योजनेत घालतोय. फॉर्म भरून दिलाय."

ताई, आजाराबद्दल वाचून वाईट वाटलं. पण ही शेवटची ओळ वाचून मी खुर्चीतून उठलो.

कंपनीचा विमा ३१ मार्चला तुमच्या मिस्टरांच्या निवृत्तीबरोबर संपतो. घरची पॉलिसी बंद केलीत तर एप्रिलमध्ये तुमच्याकडे विमा शून्य, आणि फाइलमध्ये कर्करोगाचा रिपोर्ट. मग नवी पॉलिसी मागायला गेलात तर बहुतेक कंपन्या दारातूनच परत पाठवतील. एखादीने घेतलंच तरी आधीपासूनच्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. उलट आज हातात असलेल्या पॉलिसीची पाच वर्षं कधीच उलटली आहेत. नियमाप्रमाणे आता कंपनी फसवणूक सिद्ध केल्याशिवाय 'तुम्ही अमुक सांगितलं नव्हतं' म्हणून क्लेम नाकारू शकत नाही. क्लेम घेतला म्हणून नूतनीकरणही नाकारता येत नाही. हा दस्तऐवज आज बाजारात तुम्हाला कुठल्याच किमतीला मिळणार नाही, आणि तुम्ही तो ४२ हजार वाचवायला सोडताय! तारखेची वाट बघू नका, हप्ता आजच भरा. मुदतीनंतर तीस दिवसांची सवलत असते, पण त्या खंडातलं बिल अंगावर येऊ शकतं आणि तुमची शस्त्रक्रिया नेमकी त्याच सुमाराला आहे. पॉलिसी दुसऱ्या कंपनीकडे हलवा, म्हणजे पोर्ट करा, म्हणणारा भेटला तर त्यालाही नको म्हणा, कारण नवी कंपनी नकार देऊ शकते.

आता ती हमी योजना, म्हणजे बँकेतून विकलेली विमा कंपनीची पॉलिसी. दहा वर्षं दोन-दोन लाख भरायचे, पंधराव्या वर्षाअखेर छत्तीस लाख. 'वीसचे छत्तीस, ऐंशी टक्के फायदा!' असं तुम्ही लिहिलंय. पैसे सरासरी साडेदहा वर्षं अडकणार. हिशेब केला तर परतावा वर्षाला साडेपाच ते पावणेसहा टक्के. एवढं तर साध्या एफडीतही मिळतं आणि गरज पडली की ती मोडता येते. निवृत्तीला काही महिने उरलेल्या, घरात उपचार चालू असलेल्या कुटुंबाला दहा वर्षांचा हप्ता विकणाऱ्याला काय म्हणावं, ते इथे छापता येणार नाही.

मग एफडी? मोडूच नका. महागडा पर्याय घेतलात तरी एकूण सहा लाख. पाच कंपनीच्या विम्यातून, वरचा एक घरच्या पॉलिसीतून. दोन पॉलिसी असल्या की उरलेली रक्कम दुसरीकडे मागता येते. स्वस्त पर्याय घेतलात तर चार लाख पासष्ट हजार, म्हणजे कंपनीच्या विम्यातच मावेल. पण शस्त्रक्रियेनंतर केमो लागली तर ते पाच लाख संपायला वेळ लागत नाही. तेव्हा घरची पॉलिसीच उपयोगी पडेल. शस्त्रक्रियेतल्या रेडिएशनला वेगळी मर्यादा लावलेली नाही ना, हे दोन्ही कंपन्यांकडून आधी लेखी घ्या. तोंडी 'होऊन जाईल' चालणार नाही.

उपचार कुठला हे डॉक्टरांशी ठरवायचं, मी फक्त पैशांचं बोलतो. एकाच वेळचा शेक हा काही भोंदू प्रकार नाही. लंडनच्या जयंत वैद्य आणि सहकाऱ्यांच्या टार्गिट चाचणीत, शस्त्रक्रियेतच क्ष-किरण दिलेल्या आणि नेहमीचा शेक दिलेल्या मिळून २,२९८ स्त्रिया होत्या. पाच वर्षांत त्याच स्तनात रोग परतण्याचं प्रमाण शस्त्रक्रियेतल्या शेकात २.११ टक्के, नेहमीच्या शेकात ०.९५ टक्के. मिलानच्या इलियट चाचणीत इलेक्ट्रॉन वापरले, तिथे पंधरा वर्षांनी हेच प्रमाण १२.६ टक्के विरुद्ध २.४ टक्के. जगण्यात ठळक फरक दोन्हीकडे दिसला नाही. म्हणजे तुमच्या रुग्णालयात कुठलं यंत्र आहे, क्ष-किरणांचं की इलेक्ट्रॉनचं, हा पहिला प्रश्न.

दुसरा प्रश्न पैशांचा. टार्गिटमध्ये पाचांतल्या साधारण एकीला अंतिम रिपोर्टनंतर नेहमीचा शेकही घ्यावा लागला. ती एक तुम्ही असाल तर पावणेतीन लाखांवर आणखी एक लाख चाळीस हजार, शिवाय पुण्यात राहणं आहेच. तीन आठवडे पुण्यात दोघांची खोली, जेवण, रिक्षा धरून पन्नास हजार समजू. ही शक्यता जमेस धरली तर एकदाच शेक सरासरी सव्वा लाखाने महाग पडतो. आणि तिसरा प्रश्न आवर्जून विचारा: पाच दिवसांत संपणारा शेक तुम्हाला चालेल का? २६ ग्रे (ग्रे म्हणजे रेडिएशनची मात्रा मोजायचं एकक), पाच भागांत, एका आठवड्यात; ब्रिटनमधल्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीचे निकाल २०२० मध्ये आले आणि पाच वर्षांत तो तीन आठवड्यांच्या शेकाहून कमी पडला नाही. तो चालणार असेल तर राहण्याचा खर्च पंधरा हजारांवर येईल आणि महाग पर्यायाचं निम्मं आकर्षण तिथेच संपेल.

हमी योजनेचा पहिला चेक वटला असेल तर पॉलिसीचे कागद हाती पडल्यापासून तीस दिवसांत विमा कंपनीला लेखी कळवून ती रद्द करता येते, किरकोळ कपात होऊन पैसे परत मिळतात. पत्र बँकेतल्या साहेबांकडे देऊ नका. थेट विमा कंपनीच्या शाखेत द्या आणि पोच घ्या.